रक्षकांच्या हाती मशाल

'पोलीस' हा शब्द कानी पडताच मनात प्रथम कोणती भावना उमटते, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर 'धाक' असेच येईल. लहान मूल हट्टास पेटले म्हणजे घरातील वडील माणसे त्याला पोलिसाचे भय दाखवितात. निरपराध माणूसदेखील रस्त्यात गणवेश दिसला की नकळत अंग चोरून चालू लागतो. वस्तुतः हा धाक दुष्टांना वाटावा आणि सज्जनांना पोलिसाच्या दर्शनाने धीर यावा, अशी सुव्यवस्थित राज्याची अपेक्षा असते. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीदवाक्यच 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असे आहे. त्यात सज्जनांच्या रक्षणाला पहिले स्थान आहे व दुर्जनांच्या निग्रहाला दुसरे. परंतु लोकांच्या नजरेत भरते ते बहुधा दुसरेच कार्य. मग पहिल्या कार्याचे स्वरूप काय असावे? रक्षण म्हणजे केवळ संकटसमयी धावून जाणे, की त्याहून काही अधिक? या प्रश्नाचा विचार करावयास लावणारा एक उपक्रम अमेरिकेतील पोलिसांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ चालविला आहे. बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठी मशाल घेऊन धावणे आणि त्यांच्या क्रीडास्पर्धांसाठी निधी जमविणे, हा तो उपक्रम होय.

या उपक्रमाचे मोल कळण्यासाठी तो ज्यांच्याकरिता चालतो त्यांची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे. काही मुलांच्या बुद्धीची वाढ जन्मतःच किंवा बालपणीच्या एखाद्या आजारामुळे मंद गतीने होते. लिहिणे-वाचणे, हिशेब करणे, समोरच्या माणसाच्या बोलण्यातील आशय चटकन ओळखणे, नव्या प्रसंगी कसे वागावे हे ठरविणे त्यांना कठीण जाते. यालाच बौद्धिक दिव्यांगत्व म्हणतात. हा काही संसर्गाने पसरणारा रोग नव्हे, की कोणाच्या पापाचे फळ नव्हे. आनंद आणि दुःख, अपमान आणि अभिमान या मुलांनाही इतरांइतकेच कळतात. असे असूनही जगातील बहुतेक समाजांनी त्यांना पिढ्यान् पिढ्या घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा दूरच्या संस्थांच्या भिंतींआड ठेवले.

अमेरिकेसारखा संपन्न देशही याला अपवाद नव्हता. पुढे राष्ट्राध्यक्षपदी आलेल्या जॉन केनेडी यांच्या घरातही हे दुःख होते. त्यांची बहीण रोजमेरी हिची बुद्धी बालपणापासून मंद होती. १९४१ साली तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यात आली. तिने गुण येण्याऐवजी तिच्या अंगी होती ती शक्तीही हरपली, आणि तिचे पुढील आयुष्य बहुतांशी एका संस्थेत गेले. कुटुंबाने ही गोष्ट अनेक वर्षे जगापासून झाकून ठेवली. तिची धाकटी बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी ते मौन मोडले. १९६२ साली त्यांनी मेरीलँड राज्यातील आपल्या घराच्या विस्तीर्ण आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरविले, आणि त्याच वर्षी एका लोकप्रिय नियतकालिकात आपल्या बहिणीची कहाणी उघडपणे लिहिली. ज्यांना मैदानी खेळ झेपणारच नाहीत असे मानले जाई, ती मुले त्या आवारात पोहू लागली, चेंडू झेलू लागली, घोड्यावर बसू लागली. २० जुलै १९६८ रोजी शिकागो शहरातील 'सोल्जर फील्ड' या क्रीडांगणावर अमेरिका व कॅनडा येथील सुमारे एक हजार खेळाडू एकत्र आले. 'स्पेशल ऑलिंपिक' या नावाने पुढे जगभर पसरलेल्या चळवळीची ती पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा. १९८८ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही या चळवळीला मान्यता दिली.

या स्पर्धांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे मुलांच्या खेळात एखादा अगदी लहान किंवा दुबळा भिडू असला म्हणजे त्याला 'कच्चे लिंबू' ठरवितात. त्याला खेळू देतात. पण तो बाद झाला तरी बाद धरीत नाहीत आणि त्याने गडी टिपला तरी तो टिपलेला मानीत नाहीत. त्याला खेळात घेतल्याचे समाधान इतरांना मिळते. त्याला मात्र आपण खेळात असून नसल्यासारखेच आहोत हे पक्के ठाऊक असते. दयेचा स्वभाव असाच आहे. ती जवळ करते, पण बरोबरीला बसवीत नाही. स्पेशल ऑलिंपिकने ही पद्धत नाकारली. तेथे वय आणि क्षमता पाहून खेळाडूंचे लहान लहान गट पाडतात, आणि प्रत्येक गटात खरीखुरी स्पर्धा होते. पहिल्या तिघांना पदके मिळतात, इतरांना त्यांच्या क्रमांकाच्या फिती मिळतात. तेथे नियम आहेत, पंच आहेत, जिंकण्याचा आनंद आहे आणि हरण्याची हुरहुरही आहे. जिंकण्याची इच्छा धरावी, आणि जिंकता आले नाही तरी प्रयत्नात शौर्य दाखवावे, अशा अर्थाची शपथ हे खेळाडू घेतात. तेथे कोणीही कच्चे लिंबू नसते.

या चळवळीशी पोलिसांचे नाते जडले ते १९८१ साली. अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या कॅन्सस राज्यातील विचिटा शहराचे पोलीसप्रमुख रिचर्ड लामुनियन यांच्या मनात असे आले की, या स्पर्धांसाठी पैसाही हवा आणि लोकांना त्यांची माहितीही हवी. ही दोन्ही कामे पोलिसांना सहज करता येतील. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना मशाल घेऊन धावावयास लावले. त्या पहिल्या दौडीतून अवघे ३०० डॉलर जमले. एखाद्या लहान गावच्या उत्सवाची वर्गणीही याहून मोठी असेल! परंतु बी किती लहान आहे यावरून वृक्षाची उंची ठरत नाही. १९८३ साली पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हा उपक्रम आपला मानला, आणि मशालीची दौड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात व एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ लागली. आता दर वर्षी एक लाखाच्या आसपास पोलीस व अन्य सुरक्षाकर्मचारी तिच्यात भाग घेतात, आणि आजवर जमलेला निधी एक अब्ज डॉलरच्या घरात गेला आहे.

या मशालीला 'आशेची ज्योत' असे म्हणतात. राज्याच्या स्पर्धा जवळ आल्या की निरनिराळ्या ठाण्यांतील पोलीस टप्प्याटप्प्याने ती पुढे नेतात. एका गावच्या शिवेवर तिला दुसऱ्या गावचे पोलीस सामोरे येतात. काही टप्प्यांवर खेळाडूही त्यांच्याबरोबर धावतात. अखेर उद्घाटनाच्या वेळी ज्योत क्रीडांगणात येते, आणि पोलीस व खेळाडू मिळून तेथील मोठा अग्निकुंड प्रज्वलित करतात. जागतिक स्पर्धांच्या वेळी तर देशोदेशींचे पोलीस आणि खेळाडू एकत्र येऊन यजमान देशातील गावोगावी ही ज्योत फिरवितात.

निधी जमविण्याच्या त्यांच्या रीतीही मौजेच्या आहेत. एखाद्या संध्याकाळी पोलीस उपाहारगृहात जाऊन गिऱ्हाइकांना पदार्थ वाढतात, आणि गिऱ्हाईक खुशीने जी बक्षिशी देईल ती खेळाडूंच्या निधीत जमा करतात. कोठे वीस-पंचवीस जणांचा संघ दोराने विमान ओढतो, आणि कोणता संघ ते लवकर ओढतो याची चुरस लागते. मेरीलँड राज्यात ऐन हिवाळ्यात, अंग गोठविणाऱ्या थंडीत, पोलिसांच्या पुढाकाराने हजारो माणसे चेसापीक उपसागराच्या पाण्यात उड्या घेतात. उडी घेणाऱ्याने आधी आपल्या आप्तेष्टांकडून ठरावीक देणगी मिळविलेली असते. या पैशातून प्रशिक्षण, क्रीडासाहित्य, प्रवास आणि स्पर्धा यांचा खर्च भागतो. खेळाडूकडून किंवा त्याच्या पालकांकडून सहभागासाठी शुल्क घ्यावयाचे नाही, असे या चळवळीचे धोरण आहे. त्यामुळे असा निधी हा तिचा प्राणवायूच होय. १९९७ पासून स्पर्धांच्या वेळी खेळाडूंचे डोळे, दात, कान व पाय विनामूल्य तपासण्याचीही सोय सुरू झाली. ज्याला आपले दुखणे नीट सांगता येत नाही त्याचे दुखणे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातच येत नाही. एखाद्या खेळाडूला धावता येत नाही असे सर्वांनी धरून चालावे आणि त्याच्या पायातला जोडा मापाचा नाही एवढेच कारण निघावे, असेही घडू शकते.

या उपक्रमावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की, हे पोलिसांचे काम नव्हे. दुर्बळ नागरिकांसाठी खर्च करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ते पोलिसांच्या वर्गणीवर सोडले तर शासनाला आपली जबाबदारी टाळण्यास निमित्त मिळेल. या म्हणण्यात तथ्य आहे. शाळा, औषधोपचार, रोजगार या गोष्टी नागरिकाला हक्काने मिळाल्या पाहिजेत. कोणाच्या औदार्यावर त्या अवलंबून असता कामा नयेत. तथापि शासनाचा पैसा क्रीडांगण बांधू शकतो. त्या क्रीडांगणावर शेजारी उभा राहणारा मित्र तो देऊ शकत नाही. शासनाने आपले कर्तव्य केल्यावरही मैत्रीची गरज शिल्लक राहतेच.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. ज्याच्या हाती दंड करण्याची सत्ता आहे त्याने देणगी मागितली, तर ती नाकारण्याचे धैर्य सामान्य माणसाला होईल काय? मागणारा कितीही सत्प्रवृत्त असला तरी त्याच्या अंगावरचा गणवेश त्याच्याआधी बोलतो. ही शंका जेथे खरी ठरेल तेथे पुण्यकार्याचेही पाप होईल. म्हणून अशा निधीचे दोन नियम अढळ असले पाहिजेत. देणारा पूर्णपणे स्वेच्छेने देणारा असावा, आणि पै-पैचा हिशेब उघड असावा. या दृष्टीने पाहता थंड पाण्यात उडी घेणे किंवा पाहुण्याला वाढणे या रीती केवळ गमतीच्या राहत नाहीत. त्यांत पोलीस अधिकाराच्या आसनावरून खाली उतरतो, स्वतः कष्ट घेतो आणि मग मागतो. हुकूम करण्याची सवय जडलेल्या माणसाने 'आपल्याला काय हवे?' असे नम्रपणे विचारावे, हा त्याच्यावरही एक चांगला संस्कार आहे.

परंतु सर्वांत गंभीर प्रश्न याहून निराळा आहे. तो कोणा टीकाकाराने काढलेला नसून एका दुःखद घटनेने उभा केला. जानेवारी २०१३ मध्ये त्याच मेरीलँड राज्यात सव्वीस वर्षांचा एक बौद्धिक दिव्यांग तरुण आपल्या मदतनीस बाईंबरोबर चित्रपट पाहावयास गेला होता. चित्रपट त्याला इतका आवडला की, खेळ संपल्यावर तो पुन्हा पाहण्यासाठी तो आत जाऊन बसला. दुसऱ्या खेळाचे तिकीट त्याच्यापाशी नव्हते. मदतनीस बाई गाडी आणावयास गेल्या होत्या. थोडे थांबा, त्याच्याशी गोडीने बोलले की तो ऐकेल, अशी विनवणी त्यांनी केली होती. तरीही तेथे फावल्या वेळात रखवालीचे काम करणाऱ्या तीन पोलीस अधिकाऱ्यांनी त्याला बळाने उठविण्याचा प्रयत्न केला. झटापट झाली, बेड्या घातल्या गेल्या, तो खाली पडला आणि श्वास कोंडून त्याचा अंत झाला. एका तिकिटाची किंमत ती काय! त्या अधिकाऱ्यांवर फौजदारी खटला उभा राहिला नाही. पण लोकांच्या मनाला लागलेला चटका विझला नाही.

ज्या राज्यात पोलिसांच्या पुढाकाराने अशाच व्यक्तींसाठी दर हिवाळ्यात हजारो लोक उड्या घेतात, त्याच राज्यात हे घडावे, याचा अर्थ काय? मशालीची दौड हा निव्वळ देखावा आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे; पण तो योग्य नव्हे. मशाल घेऊन धावणारे हात आणि त्या दिवशी बेड्या घालणारे हात वेगळे होते. खरा अर्थ असा की, ओळख ज्यांच्यापर्यंत पोचली तेथेच तिचा उपयोग झाला. ती प्रत्येक अधिकाऱ्यापर्यंत पोचली नव्हती. एखाद्या दिवशी खेळाडूबरोबर मैलभर धावलेल्या पोलिसाला इतके तरी ठाऊक होते की, अशा माणसाला एकदम हात लावला तर तो घाबरतो, एका वेळी एकच गोष्ट सांगितली तर त्याला समजते, आणि उत्तर देण्यास त्याला थोडा अवधी लागतो. आज्ञा न पाळणारा प्रत्येक माणूस उद्धट नसतो. कित्येकदा त्याला ती आज्ञा कळलेलीच नसते. एवढे साधे ज्ञान त्या चित्रपटगृहात असते तर एक आयुष्य वाचले असते. त्या घटनेनंतर मेरीलँड राज्याने एक आयोग नेमला, आणि पोलिसांच्या प्रशिक्षणात बौद्धिक दिव्यांग व्यक्तींनीच शिक्षक म्हणून सहभागी व्हावे अशी योजना तेथे पुढे आली. ज्याच्यासाठी निधी जमवावयाचा तोच गुरूच्या आसनावर बसला, ही गोष्ट कोणत्याही देणगीपेक्षा मोठी आहे.

यावरून या उपक्रमाचे खरे फळ कोणते हे ध्यानात येते. निधी हे त्याचे दिसणारे फळ होय. परिचय हे न दिसणारे, पण अधिक टिकाऊ फळ होय. अपरिचयातून भय जन्मते आणि भयातून बळाचा वापर. गणवेश पाहून बिचकणारा खेळाडू जेव्हा त्याच गणवेशातील माणसाचा हात धरून ज्योत पेटवितो, तेव्हा त्याचे भय जाते. आणि चमत्कारिक हातवारे करणाऱ्या, नजर चुकविणाऱ्या अनोळखी माणसाकडे संशयाने पाहावयास शिकलेला पोलीस जेव्हा तशाच माणसाच्या गळ्यात पदक घालतो, तेव्हा त्याचा संशयही गळून पडतो. भय दोहोंकडे होते. ते दोहोंकडून जावे लागते. म्हणून अशा दौडीचे यश किती मैल अंतर कापले किंवा किती डॉलर जमले यावर मोजणे पुरेसे नाही. उत्सव संपल्यानंतरच्या एखाद्या साध्या दिवशी, कोणी पाहत नसताना, रस्त्यात गोंधळून उभ्या राहिलेल्या माणसाशी पोलीस कसा बोलतो, हीच तिची कसोटी होय.

भारताशीही या विषयाचा जवळचा संबंध आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद बौद्धिक दिव्यांग म्हणून झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने त्यांना समानतेने व प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क दिला आहे. २०२३ साली बर्लिन येथे भरलेल्या जागतिक स्पर्धांत भारताच्या खेळाडूंनी २०२ पदके मिळविली. त्यांतील ७६ सुवर्णपदके होती. हे खेळाडू कोणत्या तरी गावचे, कोणत्या तरी आळीतले आहेत. त्यांच्या गळ्यातील पदक देशाने कौतुकाने पाहिले. परंतु पदक घरी ठेवून ते बाजारात जातात, बसगाडीत चढतात, कधी वाट चुकतात, कधी मोजून पैसे देताना अडखळतात, तेव्हा त्यांच्याशी लोक कसे वागतात? 'सद्रक्षणाय' या शब्दाची परीक्षा तेथेच व्हावयाची असते. आणि ती केवळ पोलिसांचीच नव्हे. रांगेत मागे उभ्या असलेल्या, उतावीळ झालेल्या प्रत्येक नागरिकाची असते.

ही सवय मोठेपणी एकाएकी लागत नाही. तिचा पहिला धडा शाळेच्या पटांगणातच गिरवावा लागतो. जो मुलगा आज आपल्या वर्गातील मंद गतीच्या सोबत्याला कच्चे लिंबू न ठरविता, त्याला जमेल असा खेळ शोधून खऱ्या भिडूसारखे खेळवितो, तोच उद्या गणवेश घालून किंवा गणवेशाविना दुर्बलांचा खरा रक्षक होईल. मशाल हातात घेण्यासाठी पोलीस व्हावे लागत नाही. शेजाऱ्याच्या पावलाशी आपले पाऊल जुळवून चालण्याची तयारी असावी लागते.